ताऱ्यांचं वजन करणारं अबोल गाव

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं ग्रीन बँक हे गाव गेली साठहून अधिक वर्षं ठरवून गप्प बसलं आहे. या मौनामुळेच एका मेलेल्या ताऱ्याचं वजन माणसाला कळलं. आणि पदार्थ दाबत दाबत गेलं तर शेवटी त्याचं काय होतं, या जुन्या कोड्याला नवं वळण लागलं.

वॉशिंग्टनहून सकाळी निघालेली मोटार दुपारच्या जेवणवेळेला अ‍ॅलेघनी डोंगरांच्या वळणांवर येते. शेनँडोआचं सुपीक खोरं मागं पडलेलं असतं. रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना मेपल आणि ओकची दाट झाडी आणि मधूनच हरणांपासून सावध राहण्याची पाटी. इथून पुढं मोटारीतल्या मंडळींची चुळबुळ सुरू होते. मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गळतात. मोटारीतला रेडिओ खरखरू लागतो. थोड्या वेळानं हातातला फोन वेळ पाहण्यापुरताच उरतो. नवख्या माणसाला वाटतं, फोन बिघडला. फोन ठणठणीत असतो. गप्प झालेला असतो तो मुलूख.

आणखी एक वळण घेतलं की हिरव्या कुरणांचं लांबट खोरं समोर पसरतं. गाई चरताहेत, लाकडी घरं विखुरलेली आहेत, एक शाळा आहे, एक चर्च आहे. आणि या सगळ्यावर मान उंच करून उभी आहे एक पांढरीशुभ्र, अवाढव्य थाळी. तिची उंची १४८ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार एकावर एक दोनदा रचला तरी तिच्या टोकाला जेमतेम पोचेल. थाळीचं क्षेत्रफळ सव्वादोन एकरांहून जास्त आणि सगळ्या डोलाऱ्याचं वजन सुमारे ७७०० टन. एवढा डोलारा चाकांवर, गोल रुळांवरून फिरतो आणि आकाशात हवं तिकडं तोंड वळवतो. ही ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण. पूर्णपणे फिरवता येणारी एवढी मोठी रेडिओ दुर्बीण जगात दुसरी नाही.

चूल चालेल, मायक्रोवेव्ह नको

या खोऱ्यात रेडिओ दुर्बिणी आल्या त्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस. चहूबाजूंनी डोंगर, वस्ती विरळ, जवळ मोठं शहर नाही. आकाशातून येणारी क्षीण कुजबूज ऐकायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. पण जागा शांत असून भागत नाही, ती शांत ठेवावी लागते. म्हणून १९५६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं वेधशाळेच्या भोवतालच्या दहा मैलांत रेडिओ गोंगाट करणाऱ्या विजेच्या उपकरणांना आळा घालणारा कायदा केला. १९५८ साली केंद्र सरकारनं त्याहून मोठं पाऊल उचललं. सुमारे १३ हजार चौरस मैलांचा टापू ‘राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. गोव्याएवढी नऊ राज्यं त्यात आरामात मावतील! या टापूत नवा मनोरा उभारायचा, तर आधी वेधशाळेशी विचारविनिमय करावा लागतो.

ही शांतता कानांची नव्हे. गावात ट्रॅक्टर धडधडतात, कुत्री भुंकतात, रविवारी प्रार्थनेची गाणी होतात. त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या रेडिओ लहरींना. मोबाइल, वाय-फाय, मायक्रोवेव्ह, ठिणग्या उडवणारं विजेचं कुंपण ही सारी दुर्बिणीच्या दृष्टीनं बोंब मारणारी माणसं. साधा मोबाइल चंद्रावर ठेवला, तरी तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. मग गावातल्या फोनची काय कथा!

वेधशाळेच्या आवारात तर याहून कडक शिस्त. पेट्रोलच्या इंजिनातला स्पार्क प्लग दर ठिणगीबरोबर रेडिओ लहरी सोडतो, म्हणून दुर्बिणीजवळ फक्त डिझेलच्या गाड्या जातात. पर्यटकांना फिरवणारी बसही डिझेलची. डिजिटल कॅमेरा ठरावीक हद्दीच्या पुढं न्यायचा नाही. ज्याच्याकडं जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे, त्यानं खुशाल फोटो काढावेत. जो कॅमेरा इतर ठिकाणी अडगळीत गेला, त्याला इथं मान आहे. वेधशाळेची माणसं लहरी टिपणारी यंत्रं गाडीत घालून आसपास गस्त घालतात. कुणाच्या घरी विजेवर चालणारं गरम पांघरूण बिघडलं आणि ठिणग्या टाकू लागलं, तर घरमालकाच्या आधी वेधशाळेला कळतं. बहुतेक वेळा दंडाची पावती फाडण्याऐवजी ते दुरुस्त करून देतात. शेजारधर्मानं जे साधतं ते कायद्यानं साधत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे.

एका रात्रीत कोसळलेली दुर्बीण

आजची थाळी उभी राहिली ती एका अपघातानंतर. १९६२ पासून इथं ३०० फूट व्यासाची दुर्बीण काम करत होती. १५ नोव्हेंबर १९८८ ची रात्र. पावणेदहाचा सुमार. वारा नाही, वादळ नाही. सांगाड्यातला एक महत्त्वाचा सांधा तुटला आणि क्षणार्धात ती सगळी दुर्बीण मोडक्या छत्रीसारखी जमिनीवर पसरली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पण सकाळी गावकरी जमले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखी अवकळा सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती.

नव्या दुर्बिणीचं बांधकाम १९९१ साली सुरू झालं आणि ऑगस्ट २००० मध्ये तिचं लोकार्पण झालं. ती कशासाठी बांधली, याची उत्तरं अनेक होती. मात्र तिच्या नावावर जे मोठं काम जमा झालं, ते होतं वजन करण्याचं! हजारो प्रकाशवर्षं दूर असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन.

साखरेच्या खड्यात २७ कोटी टन

तारा म्हातारा झाला, जळण संपलं, की स्वतःच्याच भारानं आत दबत जातो. १९३० साली मद्रासहून इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी बोटीवर बसून याच दबण्याचा हिशेब मांडला होता. सूर्यासारखे तारे शेवटी ‘श्वेत बटू’ होऊन निवतात. पण अशा निवलेल्या ताऱ्याचं वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडं गेलं, तर त्याला स्वतःचा भार पेलत नाही. ही झाली प्रसिद्ध चंद्रशेखर मर्यादा. तिच्यासाठी १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या मर्यादेपलीकडं दबलेला तारा न्यूट्रॉन तारा होतो. दादर ते बोरिवली जेवढं अंतर, जेमतेम तेवढा त्याचा व्यास. त्यात सूर्याहून जास्त ऐवज ठासून भरलेला. आपल्या भोवतालचा दगड, लोखंड, सोनं हे सगळे अणूंचे बनलेले, आणि अणू म्हणजे बहुतांशी रिकामी जागा. न्यूट्रॉन ताऱ्यात ती रिकामी जागा उरतच नाही. अणूच्या गाभ्यात जो पदार्थ असतो तोच तिथं सलग भरलेला असतो. एक घन सेंटिमीटर, म्हणजे साखरेच्या खड्याएवढा, हा पदार्थ तोलला तर सुमारे २७ कोटी टन भरेल. आणि ताऱ्याच्या मध्याशी पदार्थ याच्याही कित्येक पट दाट असतो.

खरा पेच इथूनच सुरू होतो. न्यूट्रॉन तरी अखेरचा कण कुठं आहे? अमेरिकेतल्या मरे गेलमन आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ साली वेगवेगळ्या वाटांनी मांडलं, की न्यूट्रॉन आणि प्रोटॉन त्याहून लहान कणांचे बनलेले आहेत. त्या कणांना गेलमन यांनी ‘क्वार्क’ हे नाव दिलं. एका न्यूट्रॉनमध्ये तीन क्वार्क. गंमत अशी, की एकटा क्वार्क आजवर कुणालाही बाहेर काढता आलेला नाही. ओढून काढायला जावं तितकं त्यांचं बंधन घट्ट होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ही मूठ निसर्गानं कधी उघडलेलीच नाही.

पण ओढण्याऐवजी दाबलं तर? कुंभमेळ्याची गर्दी डोळ्यांसमोर आणा. तिघातिघांची कुटुंबं एकमेकांचे हात धरून चालली आहेत. जागा आहे तोवर कोण कुणाचं ते कळतं. गर्दी इतकी वाढली की खांद्याला खांदा भिडला, तर कुणाचा हात कुणाच्या हातात हेच समजेनासं होतं. कुटुंबं संपतात आणि नुसता जनसमुदाय उरतो. न्यूट्रॉन असेच एकमेकांत घुसेपर्यंत दाबले, तर त्यांच्या भिंती विरघळाव्यात आणि क्वार्कांचा एक सलग समुद्र व्हावा, असं शास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून म्हणत आले आहेत. अणुगर्भाचा पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाईल. पाण्याचं बर्फ व्हावं तसं.

बर्फासारखं की तुपासारखं?

‘तसं’ म्हणणं सोपं आहे, पण बदल दोन तऱ्हांनी होतो हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. बर्फाचा तुकडा वाटीत ठेवला, की तो एका ठरावीक तापमानाला वितळतो. इकडं बर्फ, तिकडं पाणी आणि मधे स्पष्ट सीमा. थंडीत गोठलेल्या साजूक तुपाची तऱ्हा निराळी. ते हळूहळू सैल पडतं, रवाळ होतं, पातळ होतं. अमक्या क्षणी वितळलं असं बोट ठेवून सांगता येत नाही. मग न्यूट्रॉनांचा क्वार्क-समुद्र होतो तो बर्फाच्या रीतीनं, की तुपाच्या?

उष्णतेच्या वाटेनं गेलं तर उत्तर सापडलं आहे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळली गेली. तिथं लाखो कोटी अंश तापमानाला क्वार्क मोकळे झाले, आणि २००५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा ऐवज जवळजवळ घर्षण नसलेल्या द्रवासारखा वाहतो. संगणकांवरच्या आकडेमोडीनं २००६ साली दाखवलं, की त्या वाटेवरचा बदल तुपासारखा, सावकाश असतो.

दाबाच्या वाटेनं मात्र गाडी अडते. थंड आणि अतिदाट पदार्थाची आकडेमोड करायला गेलं, की गणितातल्या अधिक-उणे संख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि महासंगणकही हात टेकतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात या अडचणीला वळसा घालून वाट काढण्याचे प्रयत्न केले. सावकाश बदलाची वाट कुठं संपते आणि ठळक सीमा कुठं सुरू होते, तो बिंदू ते शोधत होते. जर्मनीतल्या डार्मस्टाट इथं याच दाट पदार्थासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहत आहे. भारत तिचा संस्थापक भागीदार असून कोलकात्याच्या शास्त्रज्ञांचा तिच्यात मोठा वाटा आहे. पण तिथंही आदळलेला पदार्थ तापणारच. थंड आणि इतका दाट पदार्थ पृथ्वीवर कुठंच नाही. तो आहे फक्त न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात.

तिथं जाऊन वाटीभर आणता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी, तर इथं शीतही हाती लागत नाही. मग उरतं काय? भांडं उचलून पाहायचं आणि वजनावरून आत काय आहे याचा अंदाज बांधायचा.

फुगडी आणि उशीर

न्यूट्रॉन तारे स्वतःभोवती फिरतात आणि दीपस्तंभासारखा रेडिओ लहरींचा झोत फिरवतात. झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका ऐकू येतो. जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीनं इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९६७ साली असे ठोके पहिल्यांदा टिपले. अशा ताऱ्यांना पल्सार म्हणतात. त्यांतल्या काहींचे ठोके इतके नियमित असतात, की उत्तम घड्याळानं त्यांच्याकडून धडा घ्यावा.

वृश्चिक राशीच्या दिशेला, सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवर असा एक पल्सार आहे. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याचं नाव जे १६१४-२२३०. तो सेकंदाला ३१७ गिरक्या घेतो. स्वयंपाकघरातला मिक्सर वरच्या स्पीडला लावला तर त्याचं पातं साधारण एवढंच फिरतं. फरक इतकाच, की इथं पात्याच्या जागी अख्खा तारा आहे! त्याच्याबरोबर एक श्वेत बटू आहे. दोघं पावणेनऊ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात.

दोन मुली फुगडी घालतात तेव्हा सडपातळ मुलगी मोठं वर्तुळ मारते आणि दणकट मुलगी जागच्या जागी फिरल्यासारखी दिसते. पल्सार किती झोके घेतो, हे त्याच्या ठोक्यांच्या लवकर-उशिरा येण्यावरून मोजता येतं. जोडीदाराचं वजन कळलं, तर फुगडीच्या न्यायानं पल्सारचंही कळतं. पण जोडीदाराचं वजन कसं काढायचं? त्याची युक्ती अर्विन शपिरो या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६४ साली सुचवली होती. जड वस्तूच्या जवळून जाताना लहरींना किंचित उशीर होतो, हे आइनस्टाइन यांच्या सिद्धांतातून निघतं. पल्सारचे ठोके श्वेत बटूला जवळजवळ घासून आपल्याकडं येतात तेव्हा त्यांना उशीर होतो. तो किती? सेकंदाचे एक लाख भाग केले, तर त्यांतले मोजके! तो उशीर म्हणजेच जोडीदाराचं वजन.

गाव गप्प का, याचं उत्तर या आकड्यात आहे. सेकंदाच्या लाखाव्या भागाचा हिशेब ज्या ठोक्यांवर करायचा, त्यांत एखाद्या घरातला मायक्रोवेव्ह मिसळला, तर लाखमोलाचं माप वाया जातं.

पॉल डेमोरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीन बँकच्या दुर्बिणीनं या जोडीची पूर्ण फेरी पाहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पल्सारचं वजन १.९७ सूर्य. जवळजवळ दोन! तोवर अचूक मोजलेले न्यूट्रॉन तारे बहुधा १.४ सूर्यांच्या आसपासचे होते. पुढं याच दुर्बिणीच्या पाहणीत सापडलेला जे ०७४०+६६२० हा पल्सार त्याहूनही भारी निघाला. थँकफुल क्रोमार्टी या तरुण संशोधिकेच्या पुढाकारानं २०१९ साली त्याचं वजन २.१४ सूर्य असं प्रसिद्ध झालं. २०२१ साली आणखी निरीक्षणं जमेला धरून ते २.०८ ठरलं.

या आकड्यांनी खळबळ का उडाली? पदार्थाची अवस्था बर्फासारखी एकदम बदलली, तर त्या टप्प्यावर तो मऊ पडतो, दाबाला पुरेसा विरोध करत नाही. सैल विणीच्या बाजेवर दणकट माणूस बसला, तर बाज जमिनीला टेकते. तसा आतून मऊ पडलेला तारा दोन सूर्यांचा भार पेलू शकत नाही, तो कोसळून कृष्णविवर होतो. आणि इथं तर दोन तारे तो भार पेलून मजेत गिरक्या घेताहेत! ताऱ्याचं पोट फार मऊ मानणारी कितीतरी गणितं त्या दिवशी रद्दीत गेली.

म्हणजे क्वार्क तिथं नाहीतच का? तसंही नाही. बदल तुपासारखा सावकाश होत असेल किंवा क्वार्कांचा पदार्थ स्वतःच ताठ असेल, तर भारी तारा उभा राहू शकतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१७ साली बसवलेल्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीनं जे ०७४० चा आकार मोजला. २०२१ साली दोन गटांनी त्याची त्रिज्या अनुक्रमे सुमारे १२.४ आणि १३.७ किलोमीटर अशी काढली. हलक्या न्यूट्रॉन ताऱ्यांची त्रिज्याही साधारण एवढीच. वजन दीडपट होऊनही तारा आक्रसला नाही. मधे कुठं पदार्थ धाडकन मऊ पडल्याची खूण दिसत नाही.

ही सगळी मापं एकत्र करून फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या गटानं २०२३ साली असा निष्कर्ष मांडला, की सर्वांत भारी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात मोकळा क्वार्क-पदार्थ असण्याची शक्यता ८० ते ९० टक्के आहे. उरलेली शक्यताही तितकीच विलक्षण. बदल बर्फासारखा एकदम होत असेल, तर क्वार्कांचा कणभर गाभा तयार होताच तारा कोसळून कृष्णविवर होईल. म्हणजे ती मूठ उघडेल तो क्षण ताऱ्याच्या मरणाचा असेल आणि उघडलेली मूठ कुणालाच दिसणार नाही. दोन सूर्यांपेक्षा अजून किती भारी न्यूट्रॉन तारा असू शकतो, यावर या वादाचा निकाल टांगलेला आहे. म्हणून ग्रीन बँकचं मोजमाप चालूच आहे.

शांततेचं मोल

हे मोल भरतं कोण? ग्रीन बँकची वस्ती दीडशेच्या आसपास. सगळ्या पोकाहाँटस काउंटीत माणसं आठ हजारांच्या आत. डोंगरात मोटार घसरली तर खिशातून फोन काढून मदत मागता येत नाही. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब चालवणारे लोक संपर्काच्या अडचणींबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. दुर्बिणीला लागून असलेल्या शाळेत देशभरातल्या मुलांसारखं वाय-फाय कित्येक वर्षं नव्हतं. विश्वाचं गुपित ऐकणारं यंत्र खिडकीतून दिसतं, पण गृहपाठासाठी इंटरनेट मिळत नाही, अशी ही गंमत. आता बऱ्याच घरांत वाय-फाय शिरलं आहे, आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक घरात डोकावणं वेधशाळेलाही शक्य राहिलेलं नाही.

दुसरीकडं याच शांततेच्या ओढीनं दूरदूरची माणसं इथं येऊन राहिली आहेत. रेडिओ लहरींमुळं आपलं डोकं दुखतं, झोप उडते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा त्रास खरा आहे, पण तो लहरींमुळंच होतो असं वैद्यकशास्त्राला आढळलेलं नाही. त्यांना मात्र इथं बरं वाटतं, एवढं खरं.

खुद्द वेधशाळेवरही टांगती तलवार आलीच. २०१२ साली अमेरिकी सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठाननं नेमलेल्या समितीनं ग्रीन बँकच्या दुर्बिणीचा सरकारी खर्चाचा भार काढून घ्यावा, अशी शिफारस केली. २०१६ साली ती राष्ट्रीय संस्थेपासून वेगळी होऊन ‘ग्रीन बँक वेधशाळा’ या नावानं उभी राहिली. इतर संस्थांकडून पैसा उभारत तिनं काम चालू ठेवलं.

हे वाचताना पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव आठवावं. तिथून जवळच खोडद गावात, द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांच्या परिसरात, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या ३० थाळ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या जागेची निवडही रेडिओ गोंगाट कमी म्हणूनच झाली होती, आणि पल्सारचे ठोके तिथंही मोजले जातात. गावात मोबाइल मनोरा हवा की दूरच्या ताऱ्याची हाक ऐकायची, हा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या एका खोऱ्याचा नाही.

ग्रीन बँकला गेलेला पर्यटक एक दिवस जवळच्या कॅस गावी जातो. लाकूडतोडीच्या जमान्यातली वाफेची आगगाडी तिथं अजून डोंगर चढते. काळी, धुरकट, शिट्ट्या मारत. इंजिनात पाण्याची वाफ होते, वाफ चाक फिरवते. एका अवस्थांतराचा माणसानं करून घेतलेला तो एक उपयोग. संध्याकाळी परतताना खोऱ्यात धुकं उतरलेलं असतं. गाई गोठ्याकडं वळलेल्या असतात. तेवढ्यात ती पांढरी थाळी जागची हलते. घरघर नाही, घाई नाही. दक्षिणेच्या डोंगरावर वृश्चिक उगवत असतो. त्या दिशेनं तीन हजार वर्षांपूर्वी निघालेला एक ठोका आता या खोऱ्यात पोचणार असतो. सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका उशीर करून.

तो ऐकू यावा म्हणून खाली गावातली माणसं आपापले दिवे लावून शांत बसलेली असतात.